आत कोणी आहे का?

हेडकॅशियरांच्या घरात फ्रीजचं दार लावण्याआधीसुद्धा आत वाकून विचारलं जायचं, "आत कोणी आहे का?"

फ्रीजच कशाला! कपड्यांचं कपाट, न्हाणीघर, जिन्याखालची अडगळ, जावयाच्या गाडीची डिकी, काहीही बंद करायचं असलं की हेडकॅशियर आधी आत तोंड घालून खणखणीत आवाजात विचारणार, मान तिरकी करून थोडं थांबणार, आणि आतून कुणी ओ देत नाही अशी खात्री पटली की मगच दार लावणार. "एक दिवस आतला भोपळा 'आहे' म्हणेल, मग पळता भुई थोडी होईल तुमची," असं त्यांची बायको म्हणायची. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण सवय काही सुटली नव्हती. शेजारीपाजारी हसायचे, नात नक्कल करायची, आणि हेडकॅशियर स्वतःही त्यांच्यात सामील होऊन हसायचे. हसता हसता कपाटाची कडी मात्र पुन्हा एकदा चाचपून बघायचे.

ही सवय बँकेतली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ती एवढी घट्ट का बसली, हे मात्र जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. निदान हेडकॅशियरांची तशी पक्की समजूत होती.

ती बँक म्हणजे काय थाट होता! आपण पैसे काढायला आलोय की माफी मागायला, असं वाटावं इतक्या उंच दगडी पायऱ्या. आत गेलं की छत एवढं वर की कुणी शिंकलं तर ती शिंक वर जाऊन, फिरून, जरा वेळाने खाली यायची. पितळी गजांचे काउंटर, त्यामागे कारकून, आणि सगळ्यात मागे, दोन पायऱ्या उतरून, स्ट्राँगरूम. म्हणजे तिजोरीची खोली. हात खांद्यापर्यंत आत गेला तरी बोटं पलीकडे निघणार नाहीत एवढ्या जाड भिंती, खिडकी नाही, फक्त वर छताजवळ मुठीएवढा एक झरोका, त्यालाही जाळी. आणि पुढे ते पोलादी दार. दोन माणसांनी खांदा लावल्याशिवाय हलायचं नाही, आणि एकदा बसलं की आत कुणी ढोल बडवला तरी बाहेर ऐकू यायचा नाही.

त्या दाराला किल्ल्या दोन. एक हेडकॅशियरांकडे, दुसरी अकाउंटंटकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. म्हणून बँकेत हेडकॅशियरांना 'पहिले' म्हणायचे आणि अकाउंटंटना 'दुसरे'. पुढे हेडकॅशियरांना 'पहिले' म्हणणं मागे पडलं, पण अकाउंटंट जन्मभर 'दुसरे'च राहिले. त्यांच्या सोयऱ्यांमध्येसुद्धा म्हणे लोक त्यांना दुसरेच म्हणायचे.

किल्ल्यांबरोबर नियम यायचे. पहिल्या आणि दुसऱ्याने एका गल्लीत राहायचं नाही. एका गाडीत बसायचं नाही. संध्याकाळी एकाने पुढच्या दाराने बाहेर पडायचं, दुसऱ्याने मागच्या. आणि कोण कुठल्या रस्त्याने घरी जातो, हे एकमेकांना विचारायचं नाही, सांगायचं तर मुळीच नाही. हेतू हा की उद्या एखाद्या दरोडेखोराने एकाला पकडलं तर त्याच्याकडून दुसऱ्याचा पत्ता लागू नये. दरोडेखोर कधी फिरकलाच नाही. पण दोघे शेजारशेजारच्या टेबलांवर उभी हयात काढूनही बँकेबाहेर एका रस्त्यावर चार पावलं कधी चालले नव्हते.

आणि शेवटचा नियम म्हणजे ती आरोळी. दार लोटण्याआधी हेडकॅशियरने उंबऱ्यावर उभं राहून मोठ्याने विचारायचं, "आत कोणी आहे का?" मग थांबायचं. उत्तर नाही आलं की दार बंद. कुणा जुन्या साहेबाने ही पद्धत पाडली होती. हेडकॅशियरांच्या आधीच्यांनी ती पुटपुटत उरकलेली. हे मात्र पहिल्या दिवसापासून असे ओरडायचे की बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला म्हणायचा, चला, बँक सुटली.

तसे ते बँकेत लागले तेव्हा अगदी साधे कारकून होते. वडील शाळेत घंटा वाजवायचे. मुलाला बँकेत खुर्ची मिळाली म्हणून त्यांनी चार दिवस घंटा जरा लांबवूनच वाजवली. मुलगा हुशार वगैरे नव्हता, पण पक्का होता. दिलेलं काम विसरायचा नाही, घेतलेली वस्तू हरवायचा नाही. वर चढत चढत तो हेडकॅशियर झाला आणि गळ्यात जाड दोरीला बांधलेली ती किल्ली आली. लग्नानंतर बायकोला कळलं की या घरात आधीच एक सवत आहे, आणि ती लोखंडी आहे. किल्ली अंघोळीलाही गळ्यात, झोपतानाही गळ्यात. परगावच्या लग्नाला बायको एकटी जायची आणि परत आली की म्हणायची, "सगळे विचारत होते, तुझा नवरा खरंच आहे का?" हेडकॅशियर ओशाळून हसायचे. त्यांना याचं वाईट वाटायचं, पण त्याहून जास्त अभिमान वाटायचा, आणि तो चेहऱ्यावर लपायचा नाही.

मग तो शनिवार आला.

त्या दिवशी सकाळीच बायकोच्या आईला इस्पितळात न्यावं लागलं. बायको तिकडे धावली. मुलगी लहान, अजून शाळेतही न जाणारी, तिला कुणाकडे ठेवणार? शनिवार म्हणजे अर्धा दिवस, म्हणून हेडकॅशियर तिला बँकेत घेऊन आले. नियमात बसत नव्हतं, पण सगळ्यांनी काणाडोळा केला. पोरगी गोड होती आणि बोलघेवडी होती. स्ट्राँगरूमच्या बाहेरच्या बाकावर बसून तिने सकाळभर चित्रं काढली, पहारेकऱ्याला त्याच्या मिशांबद्दल प्रश्न विचारले, दुसऱ्यांना टक्कल का पडलं याची सविस्तर चौकशी केली. मधल्या वेळात बाबांशी लपाछपी खेळली. बाबा काय, कागदावरून नजर न उचलता म्हणायचे, "टेबलाखाली आहेस," आणि ती टेबलाखालीच असायची.

बंद करायची वेळ झाली. पेट्या आत जाऊ लागल्या. ये-जा, गडबड. हेडकॅशियर उंबऱ्यावर उभे राहिले आणि नेहमीसारखे ओरडले, "आत कोणी आहे का?"

थांबले. आतून हूं की चूं नाही. दार लोटलं, पहिली किल्ली फिरली, दुसरी किल्ली फिरली. दुसरे मागच्या दाराकडे गेले, हेडकॅशियर पुढच्या.

पुढच्या दारात पहारेकरी एकटाच होता.

"पोरगी कुठाय?" हेडकॅशियरांनी विचारलं.

"माझ्याकडे कुठे साहेब? ती तर तुमच्याबरोबर होती."

हेडकॅशियर मागे फिरले. बाकावर कुणी नव्हतं. बाकाखाली मात्र दोन इवल्याशा चपला अगदी शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या. लपायला जाताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून ती चपला काढायची. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

ते दारावर धडका मारू लागले, ओरडू लागले, आणि आपला आवाज आत जात नाही आणि तिचा बाहेर येणार नाही हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? दुसरी किल्ली गेली होती. जादा किल्ल्या परगावच्या शाखेत. ते मागच्या दाराने बाहेर पडले, आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. डावीकडे एक रस्ता, उजवीकडे एक, समोर एक. दुसरे कुठल्या रस्त्याने जातात? त्यांनी कधी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःच्या या पक्केपणाची मनापासून चीड आली.

गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं, त्याला विचारलं, तर त्याने डावीकडे बोट दाखवलं. हेडकॅशियर धावत सुटले. शर्ट बाहेर आलेला, गळ्यातली किल्ली छातीवर आपटतेय, बँकेच्या हेडकॅशियरला असं धावताना लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. दोघातिघांना वाटलं दरोडाच पडला. वळणावर त्यांना पुन्हा दोन रस्ते लागले, आणि आता त्यांच्यात विचारायचंही त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात समोर सायकल दुरुस्तीच्या दुकानात एक ओळखीचं टक्कल दिसलं. दुसऱ्यांची सायकल पंक्चर झाली होती. ते स्टुलावर बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूबमधून निघणारे बुडबुडे निवांत बघत होते.

"काय हो, तुम्ही इकडे? नियम…" दुसरे म्हणाले आणि हेडकॅशियरांचं तोंड बघून गप्प झाले.

"पोरगी," हेडकॅशियर एवढंच म्हणू शकले.

दुसऱ्यांनी पुढे काहीही विचारलं नाही. सायकल तिथेच टाकली आणि ते धावू लागले. अंगाने स्थूल, धावायची सवय नाही, पण त्या दिवशी हेडकॅशियरांच्या पुढे दोन पावलं होते. दोघांच्या किल्ल्या एका रस्त्यावरून गेल्या त्या ह्याच दिवशी, पहिल्यांदाच.

दार उघडलं. आत काळोख, आणि वरच्या झरोक्यातून आलेला उजेडाचा एक गोल भिंतीवर. हेडकॅशियर आत शिरले, काही दिसेना, आणि मागून त्यांच्या पाठीवर चापट बसली.

"धप्पा!" मुलगी ओरडली. "हरलात! तुम्ही मला शोधलंच नाहीत. आता पुन्हा तुमच्यावर राज्य!"

हेडकॅशियर मटकन खाली बसले आणि तिला कुशीत घेऊन रडले. दुसरे दाराला टेकून धापा टाकत होते आणि मध्येच हसत होते. मग दोघांनी ठरवलं, याची वाच्यता कुठे करायची नाही. पुढच्या दारावरच्या पहारेकऱ्यालाही 'पोरगी सापडली' एवढंच सांगितलं. नोकरीवर गदा येईल म्हणून नव्हे. हेडकॅशियरांना बायकोला सांगायचं धैर्य नव्हतं. त्यांनी मुलीला सांगितलं, "आईला नको हं सांगू." तिने शहाण्यासारखी मान हलवली.

त्यानंतर त्यांनी नोकरी पुरी केली. आरोळी ठोकली की आता ते आत जाऊन प्रत्येक फळीमागे वाकून बघायचे. तरुण कारकून कंटाळायचे. घरी मात्र ते मुलीशी पुन्हा कधी लपाछपी खेळले नाहीत. ती म्हणायची, "बाबा, राज्य तुमच्यावर आहे," आणि ते म्हणायचे, "आपण पत्ते खेळू." निवृत्त झाले त्या दिवशी किल्ली काढून दिली, तर घरी येईपर्यंत हात सारखा गळ्याशी जात होता. बायको म्हणाली, "सवत गेली. आता तरी चार दिवस बहिणीकडे जाऊ." गेले. तिथेही तिचं कपाट लावताना विचारलंच.

पुढे बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. नवी बँक बाजारात, काचेच्या इमारतीत गेली. तिथे म्हणे स्ट्राँगरूमचं दार बोट लावून उघडतं. जुनी इमारत रिकामी पडली. पारव्यांनी काउंटरमागे संसार थाटले. कुणी म्हणायचं पाडणार, कुणी म्हणायचं विकणार. हेडकॅशियर त्या रस्त्याने जायचं टाळायचे. मनातून त्यांना वाटायचं, पाडली तर पाडली, एक घोर तरी संपेल.

पण इमारत पडायची नव्हती. नगरपालिकेने तिथे शहराचं संग्रहालय करायचं ठरवलं. राजेरजवाड्यांच्या तलवारींचं नव्हे, साध्या माणसांच्या घरातल्या वस्तूंचं. कोळशाच्या इस्त्र्या, रेडिओ, शिवणयंत्रं, शाळेच्या पाट्या. आणि ते उभं करायचं काम मिळालं कुणाला, तर जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकून आलेल्या हेडकॅशियरांच्या मुलीला. तीच ती. आता तिला स्वतःला मुलगी होती, आईच्याच वळणावर गेलेली, दिवसभर घरात गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

मुलीने बातमी सांगितली तेव्हा हेडकॅशियरांचा ऊर भरून आला. चहा पिता पिता ती एकेक दालन समजावून सांगत होती. "काउंटरच्या हॉलमध्ये घरगुती वस्तू. साहेबांच्या केबिनमध्ये फोटो. आणि स्ट्राँगरूममध्ये काय, ओळखा बघू!"

"काय?"

"जुनी खेळणी! लाकडी घोडे, भोवरे, बाहुल्या. मुलांनी आत जायचं, हात लावायचा, खेळायचं. शहरातला खरा खजिना म्हणजे हाच, नाही का?"

भिंगरीने टाळ्या पिटल्या. हेडकॅशियरांनी चहा तसाच खाली ठेवला.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. डोळे मिटले की ते दार, आणि आत भिंगरी. ती लपणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. एखादा कर्मचारी संध्याकाळी कंटाळून, न बघता, न विचारता दार लोटणार. खरी गोष्ट सांगावी तर मुलीच्या नजरेतून आपण उतरू, आणि बायको तर काय म्हणेल कोण जाणे. न सांगावं तर कुणाचं तरी पोर आत अडकेल. हेडकॅशियर दोन्हीकडून कात्रीत सापडले.

मग त्यांनी आडवळणाने सुरुवात केली. "तिथे ओल येते गं." मुलगी म्हणाली, ओल काढली. "उंदीर आहेत." उंदीर गेले. "मुलांना तिथे गुदमरेल." पंखे बसवले. "खेळणी वरच्या मजल्यावर छान दिसतील, उजेड आहे." मुलगी आता चिडली. "बाबा, तुम्हाला नक्की काय खुपतंय? तुमच्या तिजोरीत पोरं नाचणार, हेच ना?" बापलेकीत आठवडाभर अबोला. मुलगी आईला म्हणाली, "बाबांना माझं हे काम आवडलेलंच नाही." हे दाराआडून ऐकल्यावर हेडकॅशियरांच्या काळजाला घरं पडली.

ते उठून दुसऱ्यांकडे गेले. दुसरे आता पार म्हातारे झाले होते, हातात काठी, पण खोडी तीच. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर दार लावायच्या आधी विचारलंत. आता तोंड उघडायच्या आधी किती विचार करणार? जा, सांगून टाका. मी येतो बरोबर."

"नको," हेडकॅशियर म्हणाले. "हे माझं एकट्याचं आहे."

उद्घाटन तोंडावर आलं होतं. हेडकॅशियर सकाळीच पायऱ्या चढून गेले. रंगाचा वास, सुतारांची ठोकठोक, पितळी गज घासून लखलखीत केलेले. त्यांना एकदम बरं वाटलं. मुलगी धुळीने माखलेली, डोक्याला फडकं बांधून कुणाला तरी झापत होती. बाबांना बघून थबकली.

"मला तुला काही सांगायचंय," हेडकॅशियर म्हणाले. "त्या खोलीबद्दल."

"या," ती एवढंच म्हणाली आणि पुढे झाली.

दोन पायऱ्या उतरून ते दारापाशी आले. दार उघडं होतं, तेच, तेवढंच जाडजूड. आत फळ्यांवर भोवरे, बाहुल्या, चाकांवरचं लाकडी हत्तीचं पिल्लू. हेडकॅशियर उंबऱ्यावरच अडले.

"सांगायच्या आधी एक करा," मुलगी म्हणाली. "हे दार ढकला."

"कशाला?"

"ढकला तर."

त्यांनी हात लावला. मग खांदा लावला. मग दोन्ही हातांनी, असेल नसेल तेवढा जोर लावून ढकललं. दार तसूभर हललं नाही. मुलीने खाली बोट दाखवलं. बिजागऱ्या वेल्डिंग करून जाम केल्या होत्या, कुलपाचं सगळं यंत्र आतून काढून घेतलं होतं, आणि दाराच्या पायाशी जमिनीत एक लोखंडी तुळई सिमेंटने गाडली होती.

"या इमारतीतलं हे पहिलं काम," ती म्हणाली. "छत गळत होतं, भिंती पडायला आल्या होत्या. इंजिनीयर म्हणत होता, दार शेवटी बघू. मी म्हटलं, आधी दार. जगातल्या कुठल्याही किल्लीने आता हे बंद होणार नाही."

"तुला…" हेडकॅशियर म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी कशाला? आत मीच होते ना."

ती आत जाऊन एका फळीला टेकली.

"सगळं आठवतं मला," मुलगी म्हणाली. "तुम्ही विचारलंत, आत कोणी आहे का. मी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते, हसू फुटत होतं म्हणून. मग काळोख झाला. थोडी घाबरले. पण तिथे वर," तिने झरोक्याकडे मान केली, "तो उजेडाचा गोल होता. मी त्याच्याकडे बघत बसले. म्हटलं, बाबांवर राज्य आहे, म्हणजे बाबा येणारच."

"मी तुला कोंडलं होतं गं," हेडकॅशियर म्हणाले. "मी स्वतः किल्ली फिरवली."

"आणि तुम्हीच उघडलंत. मला तेवढंच लक्षात राहिलं. बाकी एकच गोष्ट कळली नाही. त्यानंतर तुम्ही माझ्याशी लपाछपी कधी खेळला नाहीत. मला वाटायचं, मी जिंकले म्हणून तुम्ही रुसलात."

हेडकॅशियर त्या दोन पायऱ्यांवर बसले. हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना. बहुधा दोन्ही आलं. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं हलकं वाटलं. मुलगी शेजारी बसली, डोक्याचं फडकं सोडून त्याने त्यांचं तोंड पुसलं, आणि सगळा चुना त्यांच्या गालाला लागला.

घरी गेल्यावर, आता सुरुवात केलीच आहे तर, म्हणून त्यांनी बायकोलाही सांगायला घेतलं. शनिवारपर्यंत पोचले असतील नसतील, बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मी इस्पितळातून आले त्याच संध्याकाळी पोरीने सांगितलं. बाबांना तिजोरीत हरवलं म्हणून. 'आईला सांगू नको' असं बाबा म्हणाले, हेही सांगितलं."

"मग तू मला काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही त्या रात्री एक घास खाल्ला नाहीत. पोरगी समोर खेळत होती आणि तुम्ही पांढरेफटक. त्यावर आणखी मी काय मीठ चोळायचं?" ती थांबली आणि सुरी रोखून म्हणाली, "पण म्हणून फ्रीजमध्ये तोंड घालणं माफ नाही हं."

हीच बाई ओल्या टॉवेलवरून त्यांना आठवडाभर बोलायची. हेडकॅशियरांनी तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली. वाईट चिरली, पण त्या दिवशी ती काही म्हणाली नाही.

उद्घाटनाला गर्दी लोटली. हेडकॅशियर आणि दुसरे, दोघेही ठरवून शिंप्याच्या दुकानापाशी भेटले आणि बँकेपर्यंत एकाच रस्त्याने, एकमेकांच्या आधाराने, गप्पा मारत आले. "दरोडेखोराने आता पकडलं तर दोघे एकदम सापडू," दुसरे म्हणाले. "मिळणार काय त्याला?" हेडकॅशियर म्हणाले, "एक काठी आणि एक चष्मा." पुढच्याच दाराने दोघे आत शिरले. दुसऱ्यांनी ते पुढचं दार आयुष्यात इतक्या निवांत कधी बघितलंच नव्हतं, ते कौतुकाने खांबांना हात लावत राहिले.

भाषणं झाली. लोक रेडिओंपाशी, इस्त्र्यांपाशी आपापली घरं आठवत रेंगाळले. स्ट्राँगरूममध्ये मुलांनी नुसता धुडगूस घातला होता. संध्याकाळ झाली, संग्रहालय बंद करायची वेळ आली, आणि मुलगी हेडकॅशियरांपाशी येऊन म्हणाली, "बाबा, तुमचं काम राहिलंय."

"कसलं?"

"दार लावता येत नाही आता. पण विचारायला काय हरकत आहे?"

हेडकॅशियर दोन पायऱ्या उतरले. उंबऱ्यावर उभे राहिले. आतला कलकलाट एकाएकी थांबला. मुलं त्यांना बघून फळ्यांमागे, घोड्यांमागे, एकमेकांमागे लपली. दाराबाहेर, अगदी शेजारी शेजारी लावलेल्या, दोन छोट्या चपला होत्या. भिंगरीच्या. हेडकॅशियरांनी त्या वाकून पाहिल्या. सवयीने हात गळ्याशी गेला. मग त्यांनी त्या गाडलेल्या तुळईकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला, आणि जुन्या दिवसांसारखे, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असे, ओरडले.

"आत कोणी आहे का?"

आणि ते थांबले. आयुष्यभर या थांबण्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, आतून काही ऐकू येऊ नये.

"आहे!" भिंगरीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "आहे! आहे! आम्ही आहोत!" खोली दणाणून गेली, छतापर्यंत, झरोक्यापर्यंत, बाहेर हॉलमध्ये, आणि फिरून पुन्हा खाली आली. हेडकॅशियर हसत सुटले. त्यांना थांबताच येईना.

"या बाहेर," ते शेवटी म्हणाले. "आता राज्य माझ्यावर."

मुलं पाठोपाठ बाहेर पडली. भिंगरीने चपला घातल्या आणि आजोबांचं बोट धरलं. शिंप्याच्या दुकानापर्यंत दुसरे बरोबर होते, पुढे त्यांचा रस्ता डावीकडे वळत होता. "मी इकडून जातो," त्यांनी काठीने दाखवलं, "सायकलच्या दुकानावरून. आता सांगायला हरकत नाही."

हेडकॅशियर एकदाही मागे वळून न बघता, दार उघडं टाकून, घरी गेले.